तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बॅक्टेरियाचं नाव काय ठेवलं शेवटी?

लग्नात, बारशाला, स्टाफरूममध्ये, सगळीकडे एकच प्रश्न. "तू समुद्रातला नवीन बॅक्टेरिया शोधला होतास ना, नाव काय ठेवलंस?" मालवणची मामी तर दर फोनला, "तेचा नाव काय ठेवलंस गो?" मी आजवर "प्रोसेस चालू आहे" म्हणून विषय बदलत आले. आता त्या उत्तराचाच कंटाळा आलाय, कारण प्रोसेस कधीच संपली. नाव आहे त्याला. मी ठेवलेलं नाही, एवढंच.

आडनाव का नाही लावलं म्हणून विचारणाऱ्यांसाठी आधी पटकन सांगून टाकते, स्वतःचं नाव स्वतः द्यायची आमच्यात रीत नाही. दुसऱ्याने दिलं तर चालतं. शिवाजीएला नावाची समुद्री बॅक्टेरियाची एक जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आहे, ती हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ एस. शिवाजी यांच्या नावाने. (महाराजांच्या नावाने नाही, हे मला फार जणांना सांगावं लागलंय आणि दरवेळी समोरच्याचा चेहरा पडतो.)

आता "नवीन" म्हणजे काय. लोकांना वाटतं मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि ओरडले, अरे हा तर नवीन! तसं काही होत नाही, बहुतेक बॅक्टेरिया दिसायला काड्या नाहीतर ठिपके. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला गाळ मी मामाच्या होडीतून आणला होता, झोबेल मरीन अगारवर, म्हणजे समुद्री बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर, लावला, आणि बरेच दिवस विसरल्यासारख्या ठेवलेल्या प्लेटवर एक छोटी गाजरी रंगाची कॉलनी आली. त्या गाळातले बहुतेक बॅक्टेरिया प्लेटवर येतच नाहीत, एक टक्कासुद्धा नाही असं आमच्यात सर्रास म्हटलं जातं, म्हणजे आम्ही जे ओळखतो ते फक्त आमच्या अगारवर यायला तयार असलेले. तर तिचा १६एस जीन, बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो, काढला, साधारण दीड हजार अक्षरांचा असतो, डेटाबेसमध्ये टाकला, सगळ्यात जवळच्या नोंदलेल्या प्रजातीशी साम्य ९७.६ टक्के. हल्ली ९८.७ च्या खाली असेल तर संशय घ्यायला जागा असते. मग पूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच डीएनए, वाचून घेतला, त्याचं जवळच्या प्रजातीशी सरासरी साम्य ८९ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि तिथली रेघ ९५-९६ ला आहे. म्हणजे नवीन. माझा विश्वासच बसेना, तीनदा करून बघितलं वगैरे सगळं झालं.

पण ही रेघ कुणी मारली? माणसांनीच. १९८७ मध्ये एका कमिटीने ठरवलं की दोन स्ट्रेन्सचा (स्ट्रेन म्हणजे एका कॉलनीतून वाढवलेला वाण) डीएनए एकमेकांशी ७० टक्के किंवा जास्त जुळला तर प्रजाती एक. पुढे १९९४ मध्ये १६एससाठी ९७ टक्के आलं, मग ते वर सरकलं. जीनोम स्वस्त झाले तेव्हा ९५-९६ बसवलं ते जुन्या ७० शी जुळतं म्हणून. म्हणजे समुद्रात खरोखर असे वेगवेगळे डबे आहेत की आपण कप्पे पाडतोय, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षाला मी ठासून सांगायचे, निसर्गात प्रजाती असतातच, आपण फक्त ओळखतो. आता तसं ठासून नाही सांगवत. पण प्रजाती नसतातच असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो, कारण त्या डीएनएच्या तुलनांमध्ये खरंच गठ्ठे दिसतात, मधे खरंच मोकळी जागा असते. बहुतेक वेळा.

असो. मुद्द्याचं, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

नियम असा आहे की नाव अधिकृत व्हायचं असेल तर टाइप स्ट्रेन, म्हणजे ज्या जिवंत कल्चरवर ते नाव टांगलंय ते, कमीत कमी दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन कल्चर कलेक्शन्समध्ये, म्हणजे बॅक्टेरिया जपून ठेवणाऱ्या संस्थांमध्ये, जमा पाहिजे, आणि कुणालाही मागता आलं पाहिजे. दोन्ही सर्टिफिकेटं हातात असल्याशिवाय पेपर पुढे सरकत नाही. नियम चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही, पूर्वी लोक नाव देऊन मोकळे व्हायचे आणि कल्चर मरून जायचं, मग पुढच्याने तुलना कशाशी करायची? पण आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, इथला जीव देशाबाहेर पाठवायचा तर कागद लागतात, आणि तोही कायदा चांगला आहे, आपल्याकडून काय काय फुकट गेलंय त्याचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. दोन चांगल्या नियमांच्या मधे माझी ॲम्प्यूल, म्हणजे कल्चर भरलेली बंद काचेची कुपी, अडकली. इथलं सर्टिफिकेट लवकर आलं. बाहेरच्यासाठी कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले, मी फोन करायचे, "मॅडम, सर रजेवर आहेत." शेवटी गेली एकदाची. आणि काही आठवड्यांनी तिकडच्या कलेक्शनचं मेल आलं, अगदी नम्र, की तुमचं कल्चर आमच्याकडे रिव्हाइव्ह झालं नाही, कृपया पुन्हा पाठवा. पुन्हा म्हणजे पुन्हा सगळं.

त्यात मधल्या काळात पीएचडीच्या गाइड सरांचं वेगळंच. "एका स्ट्रेनवर प्रजाती कशाला लिहितेस, अजून दोन-तीन मिळव, म्हणजे तिच्यात किती फरक असतो ते तरी कळेल." शास्त्र म्हणून शंभर टक्के बरोबर, एकट्या स्ट्रेनवर ढिगाने प्रजाती लिहिल्या जातात आणि लोक त्यावर वैतागलेले आहेत. मी पुन्हा देवबाग, पुन्हा गाळ, पुन्हा प्लेटा. पिवळ्या आल्या, गुलाबी आल्या, गाजरी एकही नाही.

मग एका सकाळी नवीन प्रजाती छापणाऱ्या जर्नलचा ताजा अंक उघडला. दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरच्या चिखलातून नवीन प्रजाती, रंग नारिंगी, क्विनोन एमके-६, मुख्य फॅटी ॲसिड आयसो-सी१५ (पेशीतली ही रसायनं ओळख पटवायला तपासतात), सगळं माझ्यासारखंच. आता माझा बॅक्टेरिया ज्या कुटुंबातला, त्यात हे निम्म्याजणांचं असतं, म्हणून मी आधी स्वतःला समजावलं की घाबरू नकोस. त्यांचा जीनोम डाउनलोड केला, माझ्याशी तुलना लावली आणि चहा प्यायला गेले. मुद्दाम गेले, स्क्रीनसमोर बसवत नव्हतं. आले तर साम्य ९८.१ टक्के. रेघेच्या एवढं वर की वाद घालायलाही जागा नाही. लॅबमध्ये ज्युनियर मुलं होती म्हणून रडले नाही, सेंट्रिफ्यूजच्या खोलीत जाऊन उभी राहिले, तिथे आवाज असतो. मला त्यांचा राग येत नव्हता, त्यांनी काहीच चोरलं नव्हतं, त्यांना मी माहीतही नव्हते. राग आला असता तर बरं झालं असतं. ज्याचं नाव आधी अधिकृत छापलं जातं त्याचं राहतं, बस. मी जे नाव मनात ठरवलं होतं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही.

सांत्वन करणारे म्हणतात, नावात काय आहे, उद्या बदलेल. खरंय. स्ट्रॅटोस्फिअरमधल्या हवेतून मिळालेल्या बॅसिलस आर्यभट्टाईचं २००९ मध्ये केवढं कौतुक झालं होतं, दहा वर्षांनी कुणीतरी जीनोम लावले आणि तो जुन्याच बॅसिलस मेगाटेरियमचा भाऊ निघाला, म्हणजे तोच निघाला. आता तर मेगाटेरियमही बॅसिलस राहिला नाही, प्रिस्टिया झाला. आणि समुद्रात ज्यांची संख्या सगळ्यात जास्त त्यांच्यातला पेलाजिबॅक्टर, त्याचा पत्ता १९९० मध्ये नुसत्या डीएनएवरून लागला, २००२ मध्ये तो लॅबमध्ये वाढला, तरी कित्येक वर्षं नावापुढे "कॅंडिडेटस" लावून उमेदवारच राहिला, कारण इतका विरळ वाढणारा जीव कलेक्शनमध्ये जमा करायचा कसा? २०२२ मध्ये सीक्वकोड नावाची नवी नियमावली आली, तिच्यात जीनोमच टाइप म्हणून चालतो, ॲम्प्यूल नको, कुरियर नको. तो नियम माझ्या वेळी असता तर? असता तर नाव माझं असतं, हे मान्य. पण जिवंत कल्चर नसताना फक्त फाइलवर नाव द्यायचं मला आजही पटत नाही, आणि हे माझ्या फायद्याच्या विरुद्ध आहे हे मला कळतं.

मग मी काय केलं विचाराल, तर नोकरी धरली, शिकवते. "त्यातून औषध निघतं का?" हाही प्रश्न येतो, तर कुणी बघितलेलं नाही, आणि सगळं औषधासाठीच शोधायचं असतं का हो?

मात्र एक आहे. कोरियाच्या पेपरात लिहिलंय की ही प्रजाती ५ टक्के मिठापर्यंतच वाढते. माझा स्ट्रेन ७ टक्क्यांतही आरामात वाढतो, आणि एक शर्कराही त्यांच्यापेक्षा वेगळी खातो. म्हणजे प्रजातीचं वर्णन दुरुस्त करता येईल, सर दर दिवाळीला विचारतात, लिहितेस का? त्यासाठी त्यांचा टाइप स्ट्रेन मागवून दोघांना शेजारीशेजारी, एकाच मीडियमवर वाढवावं लागेल. फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय. भरलेला नाही.