आमची वाटचाल: शेंगदाण्यापासून मुगापर्यंत

सांगलीत विश्रामबागला दीड खोलीत कॉलेजांसाठी एन्झाइमची (सजीवांतल्या रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या प्रोटीनची) किट्स बनवायला लागलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, आयसोसायट्रेट लायेज. एमएस्सीचा प्रोजेक्टच त्याच्यावर होता ना. शेंगदाण्याला मोड आला की पानं फुटायच्या आधी तो साठवलेल्या तेलाची साखर करतो, त्या कामातला हा मोक्याचा एन्झाइम (1957 मध्ये कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी मांडलेली ग्लायऑक्सिलेट सायकल ती हीच). मला वाटलं कॉलेजं हातोहात उचलतील.

दाणे पाच दिवस अंधारात उगवायचे, गार खलात बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून वाटायचे, मलमलीतून गाळायचं, सेंट्रीफ्यूज केलं, म्हणजे मशीनमध्ये गरगर फिरवलं, की वर तेलाचा थर येतो तो अलगद काढायचा, मग बर्फात ठेवून अमोनियम सल्फेट चिमूटचिमूट (या मिठाने प्रोटीन द्रावणातून वेगळं होऊन खाली बसतं), घाई केली की फेस आणि प्रोटीनची वाट. पहिल्या लॉटला मी डायलिसिसची पिशवी (तिच्यातून मीठ बाहेर जातं, प्रोटीन आत राहतं) काठोकाठ भरून गाठ मारली. आत एवढं मीठ, तिने रात्रभर पाणी ओढलं, सकाळी फ्रीजमध्ये फाटकी पिशवी आणि बीकरभर गढूळ पाणी. आठवडा गेला. आता अर्धीच भरतो.

माल झाला पण विकेना. कारण हा एन्झाइम मोजायला फिनाइलहायड्राझिन घालून 324 नॅनोमीटरला रीडिंग लागतं, म्हणजे यूव्ही मशीन आलं, आणि आम्ही फिरलो त्या कॉलेजांत बहुतेक ठिकाणी साधा कलरीमीटर, तो डोळ्यांना दिसणारा रंगच मोजतो. आधी विचारायला काय झालं होतं, देव जाणे. एक सर तोंडावरच म्हणाले, "मॅडम, डोळ्यांना रंग दिसेल असं काहीतरी द्या."

मग मुगाच्या मोडातला ॲसिड फॉस्फेटेज घेतला. पीएच 5 च्या आसपास चालतो, पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट हे रंगहीन रसायन तोडतो, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की रिॲक्शन थांबते आणि पिवळाधमक रंग येतो. मोडाचं डिपार्टमेंट सासूबाईंचं. "फडकं ओलं हवं, चिंब नको," हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे आमच्या मुगाचा वास यायचा थांबला. प्रत्येक लॉटसोबत पीएच, तापमान आणि केएमचा (एन्झाइमचा वेग निम्म्यावर यायला किती रसायन लागतं तो आकडा) कागद देतो, आणि फॉस्फेट बफर वापरू नका हे लाल अक्षरात, कारण फॉस्फेट याच एन्झाइमला अडवतं, तरी दर वर्षी कुणीतरी वापरतंच आणि फोन आम्हाला.

घरभाडं मुगावर निघतं. शेंगदाण्याचा लॉट वर्षातून एकदा काढते, हौस म्हणून. परवा एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, मटकीचं करता का? सासूबाईंनी विचारेपर्यंत भिजतसुद्धा घातली.