तिकिटावरचं शेवटचं अक्षर

2025 च्या जुलैतला सोमवार. रात्रीपासून धरलेला पाऊस सकाळी थोडा उघडला होता. दाबोळी विमानतळाच्या टॅक्सी स्टँडवर माझा नंबर सातवा होता, आणि माझ्या पुढच्या सहाजणांनाही घाई नव्हती. कामाच्या दिवशी सकाळी इथली धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवतात. साडेआठनंतर दुपारपर्यंत प्रवासी विमानं फार थोडी. हा तळच मुळात नौदलाचा, आयएनएस हंसा. प्रवाशांसाठीचा विमानतळ म्हणजे त्यातला एक कोपरा. सत्तावीस वर्षं या स्टँडवर असल्यामुळे सकाळच्या या शांततेची मला सवय आहे.

सव्वानऊच्या सुमारास एक म्हातारं जोडपं बाकड्यावर येऊन बसलेलं दिसलं. काकांच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, मावशींच्या पायाशी एक बॅग आणि काळी छत्री. जावई त्यांना सोडून कारखान्यात पहिल्या पाळीला उशीर नको म्हणून पळाला होता. मी जवळून जाताना मावशींनी विचारलं, "आत कधी सोडतत ओ?"

विमान किती वाजताचं, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या सव्वाबाराचं, मुंबईचं.

सोमवारी सव्वाबारा वाजता, दाबोळीवरून मुंबई? त्या वेळेचं विमान माझ्या माहितीत नव्हतं. कोणतं विमान कधी येतं आणि कधी सुटतं, यावर आमचं पोट चालतं. मी तिकीट बघायला मागितलं. भाच्यानं मुंबईहून काढून पाठवलेली प्रिंट होती. मोठ्या अक्षरात 'गोवा', त्याखाली बारीक अक्षरात जीओएक्स. दाबोळीचं संक्षिप्त नाव जीओआय. जीओएक्स म्हणजे मोपा, पेडण्यातला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. इथून साठ किलोमीटरपेक्षा जास्त.

"मावशी, हे विमान इथून नाही सुटत."

त्यांना आधी कळलंच नाही. "गोव्याचा विमान म्हटल्यान भाच्यान, म्हणान आमी हय इलव," म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? साठ वर्षं गोव्याचं विमान म्हणजे दाबोळीच होतं. पोर्तुगिजांनी 1955 मध्ये सुरू केलेला हा विमानतळ. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय हवाई दलानं त्याच्यावर बॉम्ब टाकले, पुढे नौदलानं तो ताब्यात घेतला आणि सगळ्या कोकणपट्टीचं आकाशात जायचं दार इथेच राहिलं. आता दारं दोन झाली आणि तिकिटावर दोन्हींचं नाव गोवा. फरक शेवटच्या एका अक्षराचा.

पर्याय म्हणून मी संध्याकाळी मडगावहून सुटणाऱ्या कोकणकन्येचं सुचवलं. मावशींनी मान हलवली. "बसाक होवचा नाय तेंका." काकांच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये वेळ मिळाली होती. ती वेळ मिळायलाच किती फेऱ्या झाल्या, ते त्या सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

काउंटर एक तास आधी बंद होतो, म्हणजे सव्वाअकराला. आता नऊ पंचवीस झाले होते. मी पुढच्या सहाजणांना सांगितलं. एकानंही नंबराचं नाव काढलं नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठानं एवढंच सांगितलं, की डिझेलपुरते घे, बाकीचं नंतर बघू. मोपा सुरू झाल्यावर आमच्या स्टँडवरचे अर्धे दिवस कोरडे जाऊ लागले होते. दाबोळी बंद होणार अशी बातमी दर महिन्याला कोणीतरी आणायचं. त्या मोपाला प्रवासी पोचवायला आमच्याच माणसांनी रांग सोडली, याचं मला आजही बरं वाटतं.

काकांना पुढच्या सीटवर बसवून सीट मागे टेकवली. सांकवाळमार्गे कुठ्ठाळी, आणि मग झुआरीचा नवा पूल. हा पूल 2022 च्या डिसेंबरअखेर वाहतुकीला खुला झाला आणि मोपाहून पहिलं विमान उडालं 5 जानेवारी 2023 ला. जेमतेम आठवड्याचं अंतर. माझ्या हिशेबी दोन्ही गोष्टी एकच आहेत. जुन्या पुलावर आम्ही एकेक तास अडकायचो. तो एकच पूल असता, तर त्या दिवशी मी गाडी काढलीच नसती.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजची इमारत दिसल्यावर काका पहिल्यांदा बोलले. "हय दोन महिने होतंय." सिंधुदुर्गातले आजारी लोक वर्षानुवर्षं इथेच येतात. सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्गच्या रुग्णवाहिका पत्रादेवीच्या नाक्यावरून रोज खाली उतरतात. काकांचं ऑपरेशनही इथेच झालं होतं, आता पुढच्या उपचारांसाठी त्यांना मुंबईला पाठवलं होतं.

मग कळलं, की त्यांचं घर बांद्याजवळ आहे. मला चरकल्यासारखं झालं. बांद्याहून मोपा वीस मिनिटांवर. "आमच्या खळ्यातसून दिसतत विमाना उतरताना," मावशी म्हणाल्या. ऑपरेशननंतर मुलीकडे विश्रांतीला म्हणून ती माणसं वास्कोला मांगोर हिलवर आली होती, आणि अंगणातून रोज दिसणारा विमानतळ तिकिटावर त्यांना ओळखता आला नव्हता. चिपीचा विमानतळही त्यांच्याच जिल्ह्यातला, 2021 मध्ये सुरू झालेला, पण तिथून मुंबईचं सोयीचं विमान मिळालं नाही म्हणून भाच्यानं हे काढलं होतं.

मांडवी ओलांडताना मला नेहमी वडील आठवतात. ते वेंगुर्ल्याहून मुरगाव बंदरात कामाला आले. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या चतुर्थीला आम्ही फेरीबोटीच्या रांगेत उभे राहून गावी गेलो होतो. राजधानी पणजी अशी दोन नद्यांच्या मध्ये बसलेली. एक विमानतळ झुआरीपलीकडे, दुसरा मांडवीपलीकडे. दोघांमध्ये जायचं तर दोन्ही पूल ओलांडायचे आणि मधला सगळा रस्ता पार करायचा. गोव्याला दोन विमानतळ आहेत, हे ऐकायला मोठं वाटतं. पोटाला टाके असलेल्या माणसाला गाडीत घेऊन त्या रस्त्यानं जाताना ते अंतर कळतं.

अटल सेतूवरून उतरलो आणि पर्वरीत अडकलो. उड्डाणपुलाचं काम, अर्धा रस्ता पत्रे लावून बंद, वर पुन्हा पाऊस. दहा वाजून दहा मिनिटांनी गाडी थांबली ती हलेचना. पुढे बस, मागे ट्रक. घड्याळात सव्वादहा, दहा वीस, दहा पंचवीस. मावशी मागून काही बोलत नव्हत्या, पण आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. एकदाच त्यांनी विचारलं, "पोचतलव मां?" मी हो म्हटलं. तेव्हा मला स्वतःला खात्री नव्हती.

चोगम रोडचा फाटा दिसताच गाडी तिकडे वळवली आणि सांगोल्ड्याच्या आतल्या रस्त्यानं गिरीला निघालो. खड्डा आला की काका एक हात पोटावर आणि दुसरा एक्स-रेच्या पाकिटावर ठेवायचे. गाडी हळू घ्यावी तर विमान जाईल, जोरात घ्यावी तर टाक्यांना हिसका. इतक्या वर्षांत गाडी चालवणं मला इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. म्हापशाला पावणेअकरा झाले. तोवर मावशींनी भाच्याला फोन लावून माझ्याकडे दिला होता. चेक-इन त्यानं मोबाइलवर आधीच केलं होतं. व्हीलचेअर दारातच तयार ठेवायला सांग, एवढंच मी त्याला सांगितलं.

कोलवाळचा पूल, धारगळ, मग सुकेकुळणहून विमानतळाकडे वर चढणारा रुंद रस्ता. त्या रस्त्यावर गाडी लागली तेव्हा कुठे माझे खांदे सैल झाले. अकरा वाजून आठ मिनिटांनी आम्ही दारात होतो. व्हीलचेअर घेऊन एक मुलगी उभी होती. जवानानं तिकीट पाहिलं, ओळखपत्रं पाहिली, आणि दोघं आत गेली. निरोप घ्यायला वेळच नव्हता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून मी पुढे निघालो.

पठारावरून उतरताना रस्त्याकडेला थोडा थांबलो. साडेबारापर्यंत एकच विमान उडालं, लगेच ढगात गेलं. तेच असेल, असं धरून मी परत निघालो. पर्वरीत पुन्हा तासभर गेला. संध्याकाळी गाडी पुसताना मागच्या सीटखाली मावशींची काळी छत्री सापडली.

तिसऱ्या दिवशी जावई स्टँडवर आला. काका टाटाला वेळेवर पोचले होते, तपासण्या सुरू झाल्या होत्या. त्यानं पूर्ण भाडं पुढे केलं. मी डिझेलचे घेतले आणि छत्री दिली. मग त्यानं मोबाइल काढून परतीचं तिकीट दाखवलं. "आता घोळ नको म्हणून मुद्दाम बदलून दाबोळीचं करून घेतलंय," म्हणाला. जीओआय, पुढच्या मंगळवारचं.

मी विचारलं, "उतरून जाणार कुठे? तुमच्याकडे?"

"नाही, गावीच. घर कधी बघतोय असं झालंय त्यांना."

म्हणजे पुन्हा ते दोन पूल, पुन्हा पर्वरी, आणि काकांचा हात पोटावर. मी त्याला ते समजावलं. त्यानं तिथूनच भाच्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून माझ्यासमोर धरला. मी सांगितलं, तिकीट मोपाचंच कर, आणि काढून झालं की शेवटचं अक्षर मला वाचून दाखव. तो म्हणाला, कोणतं अक्षर?

"एक्स," मी म्हटलं. "फुली असते ना, तसं."