आमची वाटचाल: ९९ टक्क्यांच्या बाजारात ९६ टक्के

जी वर्षं सुरळीत गेली त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते घनतेच्या एका आकड्याबद्दल, कारण त्या आकड्यापायी आमच्या कारखान्याला टाळं लागायची वेळ आली होती.

ॲल्युमिनियममध्ये वजनाने १० टक्के सिलिकॉन कार्बाइड घालून आम्ही बुश आणि वेअर प्लेट (झीज सोसणाऱ्या पट्ट्या) बनवतो. सिंटरिंग, म्हणजे दाबलेली पावडर न वितळवता तापवून कण जोडणं, मायक्रोवेव्हमध्ये. या मिश्रणाची सैद्धांतिक घनता, म्हणजे आत एकही छिद्र नसतं तर भरली असती ती, घन सेंटीमीटरला २.७४ ग्रॅम, आमचा माल तिच्या ९६ टक्क्यांवर भरतो. एका स्पर्धकाने त्याच मिश्रणाला ९९ टक्के लिहून दिले आणि ऑर्डरी तिकडे गेल्या. गोम मोजणीत होती. भाग तसाच पाण्यात तोलला की उघड्या छिद्रांत पाणी शिरतं, आकारमान कमी भरतं, घनता फुगते. आम्ही आधी मेणाचा पातळ थर देतो आणि मेणाचा हिशेब वजा करतो. खरं मोजलं म्हणून गिऱ्हाईक गेलं, हे अजून पचलेलं नाही.

एका पंपवाल्या ग्राहकाने मात्र प्रमाणपत्र बाजूला ठेवून दोन्हीकडचे भाग कापले, पॉलिश केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तिकडच्या मालात कार्बाइडच्या गुठळ्या, आणि गुठळ्यांच्या पोटात पोकळ्या. त्यांच्या ऑर्डरीवर आम्ही तगलो.

गुठळ्या होतात त्या कार्बाइड फार बारीक घेतल्याने. ॲल्युमिनियमचे कण ४० मायक्रॉनचे आणि कार्बाइड २-३ मायक्रॉनचं असेल, तर ते मोठ्या कणांमधल्या फटींत साचतं आणि कार्बाइडला कार्बाइड चिकटत नाही. आम्ही १०-१५ मायक्रॉन वापरतो. सोबत १ टक्का मॅग्नेशियम. ते कणांवरची ऑक्साइडची साल फोडतं. तेवढं नसेल तर कितीही तापवा, कण नुसते शेजारी बसून राहतात. पावडर दमट असेल तर भागाला फोड येतात, म्हणून मिसळण्याआधी ती ११० अंशांवर सुकवायची. बारीक ॲल्युमिनियमची धूळ स्फोटक असते. भांडी अर्थिंगला जोडलेली हवीतच.

४०० मेगापास्कलला दाबायचं. दाबण्यासाठी पावडरीत घातलेलं मेणाचं वंगण नायट्रोजनमध्ये ४०० अंशांपर्यंत सावकाश काढायचं. घाई केली की काजळी उरते, आणि काजळी मायक्रोवेव्हच्या लहरी शोषते, मग त्याच जागी भाग जळतो.

भट्टीची पेटी २.४५ गिगाहर्ट्झची. घट्ट ॲल्युमिनियम लहरी परतवतं, पण दाबलेली पावडर त्या शोषते. कणांचे सांधे जुळत गेले की शोषणं घटतं. म्हणून भोवती सिलिकॉन कार्बाइडची कडी ठेवायची. ती आधी तापते, बाहेरून उष्णता देते, आणि भागाचा गाभा व कड यांतला फरक कमी राहतो. बाहेर ॲल्युमिना फायबरचं आवरण. मिनिटाला २५ अंश चढ, ६२० अंशांवर १५ मिनिटं, मग बंद पेटीत थंड. वायू नायट्रोजनच ठेवा, आर्गॉनमध्ये ठिणग्या लवकर उडतात. टोकदार कडा असलेले भागही ठिणग्या मारतात. दाबताना कडेला आलेल्या बुरी (धातूचे कंगोरे) आधी घासून काढा.

सगळ्यांचं घोडं अडतं ते तापमानापाशी. ॲल्युमिनियमची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता किरणांतून बाहेर टाकण्याची क्षमता, इतकी कमी की पायरोमीटर (लांबून किरणांवरून तापमान मोजणारं यंत्र) खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. आकडा ६०० दिसतो आणि भाग घामाळतो, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब सुटतात. धातूच्या कवचातलं थर्मोकपल (तारांचा तापमापक), ते कवच पेटीच्या भिंतीला अर्थ केलेलं, नमुन्याच्या भोकात खोवलेलं, हेच विश्वासाचं. जस्ताचा तुकडा ४१९ अंशांना आणि शुद्ध ॲल्युमिनियमची तार ६६० ला वितळवून ते तपासत राहा.

६६० ओलांडलं की द्रव ॲल्युमिनियम आणि कार्बाइडची गाठ पडून ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. भाग ठिसूळ होतो, आणि दमट हवेत ते ॲल्युमिनियम कार्बाइड पाण्याशी झुंजून मिथेन सोडतं, कड भुसभुशीत होते. असा भाग दुसऱ्यांदा सिंटर करून सुधारत नाही, भंगारातच टाकावा. बरा निघालेला मात्र हिऱ्याच्या टोकाने कापा. हायस्पीड स्टीलची धार पहिल्याच फेरीत बसते.