एका वेळी एकच मेलडी: माझा पहिला सनसेट सेट

गोव्यात मोरजीमला एका शॅकवर डीजे म्हणून दीड तासाचा मेलोडिक टेक्नो (सुरेल इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) सेट वाजवला, पहिलाच. तयारी तीन महिने, पुण्यात घरीच, छोट्या डीजे कंट्रोलरवर. स्लॉट संध्याकाळी साडेपाचचा, कारण उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर लावता येत नाहीत.

बीटमॅचिंग, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके एकमेकांवर बसवणं, आधी जमलं. ते आपोआप करणारं सिंक बटण होतं पण मी बीपीएमच्या (मिनिटाला किती ठोके) आकड्यावर चिकटपट्टीच लावली, म्हटलं कानानेच करायचं. दोन ट्रॅकच्या किक (बेस ड्रमचे ठोके) मागेपुढे पडल्या की घोड्याच्या टापांसारखं ऐकू येतं, मग कोण पुढे पळतंय ते ओळखून जॉग व्हील (कंट्रोलरवरची गोल चकती) जरासं ढकलायचं. लहानपणी तबला शिकलेलो ते इथे कामाला आलं, 32 बीट्सची फ्रेज म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं, नवीन ट्रॅक समेवरच सोडायचा, नाहीतर ड्रॉप (बीट पुन्हा जोरात सुरू होते ती जागा) भलतीकडेच येतो.

खरं अडलं ते पुढे. कॅमेलॉट व्हीलप्रमाणे (कोणती पट्टी कोणत्या पट्टीशी जुळते ते दाखवणारं चक्र) ट्रॅक लावले, 8ए म्हणजे ए मायनर, शेजारी 7ए डी मायनर आणि 9ए ई मायनर, सगळं व्यवस्थित, टेम्पो 122, तरी रेकॉर्डिंग ऐकलं की प्रत्येक ट्रांझिशनला (एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना) अर्धा मिनिट नुसता गोंधळ. आठवडाभर कळेना. मग एका रात्री एकच जोडी वीसेक वेळा मिक्स केली तेव्हा लक्षात आलं की दोन्हीकडे आर्प (एकामागोमाग सुटे सूर फिरत राहणारी धून) चालू आहे, सूर जुळतायत पण दोघंही एकदमच बोलतायत, कोणाचं ऐकायचं? ट्रॅकची की, म्हणजे पट्टी, जुळली म्हणजे मिक्स जुळला असं नसतं हो! मग प्रत्येक ट्रॅकमध्ये मेलडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते तिथे हॉट क्यू (बटण दाबून थेट पोचता येईल अशा खुणा) लावले. जाणाऱ्या ट्रॅकचे मिड्स (मधल्या पट्ट्यातले आवाज) हळूहळू काढायचे, येणाऱ्याचा बेस बंदच ठेवायचा, आणि समेवर एका झटक्यात बेसची अदलाबदल. दोन बेसलाइन एकत्र कधीच नाही.

शॅकवर गेलो तर बूथचा मॉनिटर (डीजेजवळचा स्पीकर) बंद. मेन स्पीकर बारा-एक मीटर लांब, म्हणजे आवाज माझ्यापर्यंत यायला साधारण 35 मिलिसेकंद, आणि 122 ला एक बीट जेमतेम 490 ची. बाहेरच्या आवाजावर जुळवलं असतं तर लोकांना टापाच ऐकू आल्या असत्या. पोटात गोळा आला खरं सांगतो, पण मिक्सरवर हेडफोनचा क्यू-मिक्स नॉब असतो, तो मधोमध ठेवला, दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच घेतले आणि पूर्ण सेट तसाच वाजवला.

सूर्य बुडत होता तेव्हा मुद्दाम आठ बार फक्त हाय-हॅट आणि किक ठेवली, लाटा ऐकू येत होत्या मधून, आणि मग समेवर नवी मेलडी, एकटी. तेवढ्यासाठी तीन महिने घालवले ते वसूल झाले.

रात्री खोलीवर रेकॉर्डिंग ऐकलं. चौथ्या ट्रांझिशनला अजूनही दोन आर्प एकमेकांवर चढलेत, त्यातला दुसरा ट्रॅक आता सेटच्या सुरुवातीलाच लावणार.