तांबड्या टोकाचा स्लग: माझा एम.एस्सी. प्रोजेक्ट

रत्नागिरीत स्लाइम मोल्डवर प्रोजेक्ट करायचा म्हटलं की पहिली अडचण हवेची. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा मी निवडलेला स्लाइम मोल्ड केनेथ रेपर यांना १९३३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या जंगलात सापडला. त्याला २२ अंश मानवतात, २७च्या वर गेलं की तो वाढणंच सोडतो. आमच्याकडे एप्रिलात रात्रीही पंख्याखाली घाम निथळतो. एसीची खोली एकच, आणि किल्ली लॅबच्या मामांकडे.

"बुरशी वाढवूक एसी कशाक गो? पावसात चपलांवर फुकट येता," मामा म्हणाले.

ही बुरशी नव्हेच, हे समजावण्यात एक चहा गेला, पण किल्ली मिळाली.

हे मातीतले सुटे अमीबे. जिवाणू खायचे, वाढायचे. खाणं संपलं की मात्र लाखभर अमीबे एकत्र येतात आणि त्यांचा दोन-चार मिलिमीटरचा सरपटणारा स्लग होतो. त्यातल्या साधारण एक पंचमांश पेशी देठ बनून मरतात, बाकीच्या त्या देठावर चढून बीजाणू होतात. देठाच्या पेशी स्लगच्या पुढच्या टोकाला असतात. त्या पुढे आहेत म्हणून देठ होतात, की आधी ठरतं आणि मग पुढे जातात? मला हे डोळ्यांनी बघायचं होतं.

ई. कोलाय या जिवाणूंवर वाढवलेले अमीबे थंड बफरमध्ये धुतले. सेंट्रिफ्यूज हळू फिरवला की अमीबे तळाला बसतात आणि जिवाणू वरच्या पाण्यात राहतात, ते पाणी टाकून द्यायचं. मग न्यूट्रल रेड हा तांबडा रंग, परत धुणं, आणि काहीही खाणं नसलेल्या साध्या अगरच्या जेलीवर पसरणं. इथून चोवीस तासांचा खेळ सुरू. एकत्र आलेल्या अमीब्यांचा ढिगारा दहा-बारा तासांनी होतो, म्हणून मी रात्री नऊला सुरुवात करायचे, सकाळी तो बघायला सापडायचा. लाईट गेली तर काय, यावर उपाय मिरकरवाड्याहून आणलेला माशांचा थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या पिशव्या. धुऊनही बांगड्याचा वास काही गेला नाही. अमीब्यांनी तक्रार केली नाही, मैत्रिणींनी केली.

आता खरी गंमत. कोवळ्या ढिगाऱ्यात तांबड्या पेशी कुठेही होत्या: कडेला, तळाला, मधोमध. रंग सगळ्यांनाच लावला होता, पण देठाकडे झुकलेल्या पेशींच्या आम्लधर्मी रिक्तिकांमध्ये (पेशीतल्या पिशव्यांमध्ये) तो जास्त साठतो. तासाभराने परत बघितलं तर तांबडा रंग वर सरकलेला. आणखी थोड्या वेळाने ढिगाऱ्याला टोक फुटलं, आणि ते तांबडं होतं. म्हणजे ठरणं आधी, जागा नंतर. ज्या सायक्लिक एएमपी या रसायनाच्या हाकेवर सगळे अमीबे गोळा होतात, तिच्याकडे देठाच्या पेशी जास्त जोमाने धावतात, असं मॅडमनी सांगितलं.

मग बारीक सुईने एका स्लगचं तांबडं टोक कापलं. मागचा भाग जागीच थांबला. त्यातही थोड्या तांबड्या पेशी विखुरलेल्या होत्या. त्या पुढे गोळा झाल्या आणि नवं टोक आलं! हे मी मामांनाही दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नाही.

व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी नेमकं विचारलं, "विखुरलेल्या असतानाच ठरतं, तर ठरवतं कोण?" मी सांगितलं की उपाशी पडताना पेशी विभाजनचक्रात कुठे होती यावर बरंच अवलंबून असतं: नुकतीच विभागलेली पेशी देठाकडे कलते. ग्लुकोजवर पोसलेल्या पेशी बीजाणूंकडे झुकतात. शिवाय डीआयएफ-१ हा क्लोरीन असलेला छोटा रेणू काही पेशींना देठाच्या वाटेला लावतो. सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न स्टॅटिस्टिक्सचा विचारला, तो वेगळा विषय.

कोकणात कुणी हे करणार असेल तर दिवा एलईडीचा घ्या. साध्या बल्बने अगर तापतो आणि सुकतो. प्लेटला उजेड एकाच बाजूने द्या, स्लग उजेडाकडे सरपटतात, शोधत बसावं लागत नाही.