वर्षभर दार का लावून घेतलं होतं?

"वर्षभर तुम्ही बाळ कुणाला बघूच दिलं नाहीत. असं काय झालं होतं गं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, तेराव्याच्या जेवणाला विचारला गेलाय, आणि मी बँकेत काउंटरला बसते तिथे, मागे रांग ताटकळत असताना, पासबुक पुढे सरकवतासुद्धा विचारला गेलाय. मुलगा आता शाळेत जातो, तरी काहींचा राग उतरलेला नाही. परवा चुलत सासूबाईंनी, म्हणजे आमच्या काकूंनी, हळदीकुंकवाला चार बायकांत पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा "डॉक्टरांनीच सांगितलं होतं" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सगळं सांगते.

मुलगा एप्रिल २०१९मध्ये सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मला. तारीख जुलैची होती. माझं बीपी चढत गेलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि डॉक्टर म्हणाले, आता थांबलो तर दोघंही धोक्यात. वजन ८८० ग्रॅम. पुढचे अडीच महिने मी भरभर सांगते, कारण तिथे आमच्या हातात फारसं काही नव्हतं. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून नळीतून सर्फॅक्टंट नावाचं औषध, मग व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), मग नाकाशी बारीक नळ्या. श्वास घ्यायचा विसरू नये म्हणून कॅफीन. (हो, कॉफीतलंच. सासऱ्यांना या सगळ्या औषधोपचारात एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात पटली.) दूध नळीने, सुरुवातीला एकेक मिली. चौथ्या आठवड्यापासून डोळ्यांची तपासणी, कारण इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि त्या वेळेत पकडल्या नाहीत तर दृष्टी जाते. आमच्याकडे लेसर करावं लागलं. नातेवाईक एवढंच विचारायचे, "अजून पेटीतच आहे का?"

जुलैच्या सुरुवातीला तो घरी आला. वजन दोन किलोच्या थोडं वर, आणि सोबत ऑक्सिजनचं यंत्र.

आता तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. आईच्या रक्तातलं रोगांपासूनचं संरक्षण नाळेतून बाळाकडे जातं, पण त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातं. नेमके तेच महिने आमच्या मुलाने काचेच्या पेटीत काढले. दुसरं म्हणजे फुप्फुसं. सत्ताविसाव्या आठवड्यात आतले वायुकोश पुरते तयार नसतात. मग जो ऑक्सिजन आणि जे यंत्र जीव वाचवतं, तेच फुप्फुसाला थोडी इजाही करतं. त्या इजेचं नाव म्हणून डिस्चार्जच्या कागदावर 'बीपीडी' अशी तीन अक्षरं होती. गर्भारपणापासून मोजून छत्तिसावा आठवडा उलटला तरी ज्या बाळाचा ऑक्सिजन सुटत नाही, त्याच्या कागदावर ती येतात. अशा बाळाला साधी सर्दी साधी राहत नाही. आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. तुम्हाला-मला झाला तर चार दिवस नाक गळतं, एखादी गोळी घेऊन आपण कामाला जातो. याला झाला असता तर परत व्हेंटिलेटर. त्यावर थेट औषध नव्हतं, बाळाला देण्यासारखी लस नव्हती, आणि पावसाळा ते थंडी हाच त्याचा हंगाम. फ्लूची लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, म्हणून ती आम्ही मोठ्यांनी घेतली. डांग्या खोकल्याचीही घेतली. सासूबाई म्हणाल्या, "बाळाच्या लशी आता आजीला!" पण दंड पुढे केला.

म्हणजे दार लावण्यात भीतीपेक्षा हिशेब जास्त होता. "मला काही झालेलं नाही" असं येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि खरंच म्हणतो. सर्दीचं कळतं दुसऱ्या दिवशी.

घरातलं राजकारण मात्र पाहुण्यांवरून झालंच नाही, धुरीवरून झालं. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी, गुटी, काजळ हे सगळं असतं. सासूबाईंनी सामान चैत्रातच आणून ठेवलेलं. आणि खोलीत ऑक्सिजन. ऑक्सिजनच्या जवळ निखारा नको, निरांजन नको, उदबत्ती नको. धूर तर त्या फुप्फुसांना कुठल्याच खोलीत नको. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, म्हणून मधात उगाळलेली गुटीही गेली. एकेक वस्तू परत डब्यात जाताना त्यांचा चेहरा उतरत होता. देवघर दुसऱ्या टोकाच्या खोलीत हललं.

मग एक गंमत झाली. हॉस्पिटलातून सांगितलं होतं की बाटली नको, दूध पलाडाईने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजा. सासूबाईंनी ती प्लॅस्टिकची पलाडाई उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर बोंडलं!" माझ्या नवऱ्याचं चांदीचं बोंडलं कपाटात होतंच. ते उकळून घेतलं आणि त्या दिवसापासून दुधाचं खातं त्यांच्याकडे गेलं. एवढ्या संथ हाताने, ठसका लागू न देता पाजणं मला कधीच जमलं नाही. लोह, डी जीवनसत्त्व, कॅल्शियमचे थेंब मी सिरिंजने मोजायची, पाजायच्या त्या. वजन वाढल्यावर डॉक्टरांनी खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालिशही करू दिलं, तेव्हा सासूबाईंनी मला ऑफिसात असलेल्या नवऱ्याला फोन करून निरोप द्यायला लावला.

यंत्राबद्दलही सांगते, कारण त्याचा हिशेब कुणी समजावून देत नाही. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं ते यंत्र, विजेवर चालतो आणि आमच्या इन्व्हर्टरवर तीन-चार तासांच्या वर टिकत नसे. म्हणून उशाशी एक बी टाईप सिलिंडर. त्यात साधारण दीड हजार लिटर. आम्हाला मिनिटाला पाव लिटर लागायचा, म्हणजे तासाला पंधरा, म्हणजे कागदावर चार दिवस. हा हिशेब मी फ्रिजवर चिकटवला होता, आणि घरी येऊन महिना झाला नाही तोच त्याची परीक्षा झाली.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. आम्ही गावभागात राहायचो. इर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि वीज गेली. पुढे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पण तोवर आम्ही निघालो होतो. नवऱ्याच्या मित्राचा छोटा टेम्पो, त्यात सिलिंडर आडवा बांधून, मी बाळाला ब्लाउजच्या आत छातीशी घेऊन, वरून शाल. ही पद्धत हॉस्पिटलातच शिकलेली, कांगारू म्हणतात तिला, १९७८च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झालेली. टेम्पोत तेच एकमेव उबदार ठिकाण होतं.

विश्रामबागला मित्राच्या घरी आधीच पूरग्रस्त कुटुंबं येऊन राहिली होती. ज्या घरात शिंकणारी, खोकणारी, भिजलेली इतकी माणसं, तिथे आमचे नियम कसे पाळायचे? मित्राच्या वडिलांनी, आण्णांनी, वरची एक खोली आम्हाला दिली आणि स्वतः जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी खुर्ची टाकून बसले. हातात जुना पेपर. वर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी परत पाठवलं, स्वतःच्या नातवंडांना सुद्धा. तिथेही वीज येत-जात होती. फ्रिजमध्ये काढून ठेवलेलं दूध नासलं. शहराचा पाणीपुरवठा बंद, टँकरचं पाणी मोजून, तरी दूध काढायच्या पंपाचे भाग उकळायला मला रोज एक पातेलं मिळत होतं. कुणी दिलं, आपल्या वाट्यातून कुणी कमी केलं, मला आजही सगळं माहीत नाही. ती सगळी माणसं एका छपराखाली राहून बाळाचं तोंड न बघता परत गेली. त्यांच्यापैकी कुणी मला हा प्रश्न विचारलेला नाही.

दार लावून सगळं टळलं असं नाही. दिवाळीच्या आधी सर्दी आलीच. कुठून आली कळलं नाही, कारण बाहेरून कुणीही आलेलं नव्हतं. बरगड्यांमध्ये खळगे पडायला लागले, ऑक्सिमीटर नव्वदीच्या खाली उतरला, आणि आठवडाभर पुन्हा हॉस्पिटल. त्या खेपेला व्हेंटिलेटर लागला नाही. डॉक्टर म्हणाले, हीच सर्दी ऑगस्टमध्ये झाली असती तर चित्र वेगळं होतं. मला त्या बंद दाराचा एवढाच दाखला पुरला.

त्याची किंमतही होती. प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा आपल्याला २०१७पासून मिळते. माझी त्यातली जवळपास निम्मी बाळ हॉस्पिटलात असतानाच संपली. उरलेल्या दिवसांत सासूबाई आणि नवरा सोडून मी कुणाशी धड बोलले नाही. माझी आई इस्लामपूरहून यायची, पण तिला जरा कणकण वाटली तरी ती स्वतःच स्टँडवरून परत फिरायची. गौरी-गणपती जाऊबाईंकडे झाले, मी व्हिडिओ कॉलवर आरती ऐकली. बाराव्या दिवशी बारसं नाही, पाळणा नाही. नाव जन्मदाखल्यासाठी ठरवलं आणि कागदावर लिहिलं, झालं. बँकेतली एक मैत्रीण दर गुरुवारी डबा दाराच्या कडीला अडकवून बेल वाजवून निघून जायची. शेजारच्या वहिनींनी मच्छर कॉइल लावणं बंद केलं, आम्ही न सांगता.

आणि आता राहिलेलं अर्धं.

पहिल्या आठवड्यात माझी मावशी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेतून बाळ बघून गेली. बाहेर आली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि माझ्या आईच्या गळ्यात पडून रडली. मनाने फार चांगली बाई. पण त्यानंतर दोन दिवस मी पंप लावून बसले तरी दूध येईना. नंतर फोनवर ऐकलेली वाक्यं: "एवढंसं!", "वाचलं ना, बास", "आता शहाणं निघालं म्हणजे मिळवली." सगळी प्रेमाने म्हटलेली. घरी पाहुणे आले असते तर चहा मी केला असता, त्यांचा उतरलेला चेहरा मी सांभाळला असता, आणि "नाही हो, डॉक्टर म्हणतात छान आहे" असा धीरही मीच त्यांना दिला असता. तेवढं बळ माझ्यात नव्हतं. जंतूंचं कारण खरं होतं, पण ते सांगायला सोपंही होतं.

त्यात वयाचा घोळ. "किती महिन्यांचा?" "सहा." "मग मान अजून लटपटते कशी?" अशा बाळाच्या लशी जन्मतारखेने देतात, पण मान धरणं, बसणं, रांगणं हे मूळ तारखेपासून मोजतात, साधारण दोन वर्षांपर्यंत. आमचा सहा महिन्यांचा मुलगा त्या हिशेबाने तीन महिन्यांचा होता आणि तीन महिन्यांच्या बाळासारखाच वागत होता. दारात उभं राहून हे प्रत्येकाला समजावण्यापेक्षा दार लावणं बरं वाटलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने मात्र एकदाही 'अजून' हा शब्द वापरला नाही, म्हणून ती मला आवडायची. (खासगी फिजिओ परवडत नसेल त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जरूर करावी. हा कार्यक्रम २०१३मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला, पण पुष्कळांना त्याचं नावही माहीत नसतं.)

जानेवारीत ऑक्सिजन सुटला. आधी दिवसा तासभर, मग दुपारभर, रात्रीचा सगळ्यात शेवटी. मग आम्ही ठरवलं की एप्रिलमध्ये पहिला वाढदिवस, राहिलेलं बारसं आणि सगळ्यांचे रुसवे एकाच दिवशी उरकायचे. हॉलला आगाऊ रक्कमही दिली. आणि २५ मार्च २०२०पासून देशानेच दार लावून घेतलं. केक सासूबाईंनी कुकरमध्ये केला. बाहेरून आल्यावर हात धुवा, सर्दी असेल तर येऊ नका, लांबून बोला, हे सगळं आता टीव्हीवर सांगत होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत काकूंचा फोन आला होता, "तुझ्याकडे ते बोटाचं यंत्र होतं ना गं? चौऱ्याण्णव म्हणजे कमी का?" तेव्हा मी अर्धा तास त्यांना सगळं समजावलं, पोटावर झोपायला लावलं. बऱ्या झाल्या.

हे लिहून झाल्यावर काकूंनाच पहिल्यांदा फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं तेव्हाच सांगितलं असतंत तर मी कशाला रुसले असते?" आता काय सांगू? तेव्हा नातेवाइकांना फोन करायचं खातं माझ्या नवऱ्याकडे होतं. तो फोनवर 'हो', 'नाही' आणि 'ठेवतो' यापलीकडे बोलत नाही, हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांच्याच अंगणात वाढलाय तो.