पोट नसलेला

गणपतीच्या आधीचा रविवार म्हणजे आमच्याकडे पितळेचा रविवार. समया, निरांजनं, ताम्हन, घंटा सगळं बाल्कनीत पेपरवर मांडायचं, पितांबरी घ्यायची, जुना टूथब्रश घ्यायचा आणि बसायचं घासत. यंदा दुपारी प्रभावळ हातात आली तर तिच्या शेंड्यावर जे तोंड असतं ना, वटारलेले डोळे, फुगलेले गाल, खालचा जबडा जवळपास नाहीच, त्याच्या दातांत वर्षभराचं काळं गच्च बसलेलं. ब्रशने निघेना म्हणून टूथपिक आणली. बायको म्हणाली काय चाललंय, म्हटलं कीर्तिमुखाचे दात कोरतोय. ती काही न बोलता आत गेली.

आजीच्या देवघरात असंच एक होतं, जरा मोठं. संध्याकाळी समईच्या उजेडात ते तोंड हललंय असं वाटायचं आणि शुभंकरोती म्हणताना आम्ही भावंडं डोळे मिटायचो ते भक्तीने नाही, भीतीने. एकदा धीर करून विचारलं, आजी, ह्याचं पोट कुठंय गं? ती वाती वळत होती. म्हणाली, खाल्लं त्यानं. कुणी? त्यानंच. मग आता काय खातो? आता काही नाही, आता नुस्ता बघतो. एवढं सांगून ती पुढची वात वळायला लागली आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नैवेद्याच्या लाडवाचा तुकडा गुपचूप त्याच्या तोंडात चिकटवला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या देव्हाऱ्याला मुंग्या. मार खाल्ला तो वेगळाच.

गोष्ट पुढे मोठेपणी नीट कळली. शिवपुराणात आहे, जालंधर असुराच्या भानगडीत. जालंधराने राहूला दूत करून कैलासावर पाठवलं, निरोप काय तर पार्वती मला द्या. शंकराच्या भुवयांमधून एक भयंकर प्राणी निघाला आणि धावला राहूच्या अंगावर. राहू गयावया करत शरण आला म्हणून शंकराने त्याला सोडवलं, तर हा प्राणी म्हणतो, मला भूक लागलीय त्याचं काय? शंकर म्हणाले, स्वतःचेच हातपाय खा. याने खरंच खाल्ले. हात, पाय, सगळं धड, शेवटी फक्त तोंड उरलं. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर राहूसुद्धा मुळात नुसतं डोकंच की! गिळलेलं साठवायला पोट नाही म्हणूनच ग्रहण सुटतं. म्हणजे एका बिनपोटाच्याला खायला निघालेला शेवटी स्वतःच बिनपोटाचा झाला, आणि हे पुराणकारांच्या लक्षात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही, हसले असणार ते लिहिताना.

तर शंकर खूश झाले, नाव दिलं कीर्तिमुख, माझ्या दाराशी राहा म्हणाले, आणि तुझी पूजा न करता जे माझी करतील त्यांची पूजा फुकट. हा नियम आहे! पाळतं कोण? जुन्या देवळांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कीर्तिमुखं कोरलेली असतात, आपण घंटा वाजवायच्या नादात त्यांना ओलांडून थेट आत.

मला देवळात देवाआधी हे दारातले प्राणीच बघायची खोड आहे. त्यात एक गंमत असते. हत्ती बघा, खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ अंगावर घेतलेले हत्ती बघा, वजन जाणवतं. आणि सिंह? आपल्याकडे बहुतेक देवळांत सिंहाचा चेहरा बघून तो चिडलाय का त्याला शिंक येतेय कळत नाही. पाथरवटाने हत्ती रोज पाहिलेला, सिंह ऐकलेला. पण एकदा ऐकीव प्राणी करायचा म्हटलं की हात मोकळा सुटतो. मकर घ्या, प्रभावळीच्या दोन्ही बाजूंना असतो तो, मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, मागे माशाची किंवा मोराची शेपटी, कुणी विचारत नाही हे पोहतं कसं. गंगा त्याच्यावर बसते, वरुण बसतो, मदनाच्या झेंड्यावर तोच. आणि पेपरातल्या राशिभविष्यात मकर म्हणजे माशाच्या शेपटीचा बोकड, तो आपला नाहीच, पार बाबिलोनहून आलाय.

किल्ल्यांवर फिरणाऱ्यांचा लाडका म्हणजे शरभ, सिंहासारखा पण हत्तीलाही भारी पडणारा असाच एक ऐकीव प्राणी. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना दरवाजा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि आत शिरताना बाजूला हे महाशय, पंजांत हत्ती, शेपटीच्या गुंडाळीतही हत्ती, हत्ती मांजराच्या पिल्लाएवढे. आमचा गाइड ‘वाघ’ म्हणाला, ग्रुपमधल्या एकाने लगेच ‘शरभ’ अशी दुरुस्ती केली, गाइड पुढे पूर्णवेळ त्याच्याकडे बघून बोलला नाही.

या शरभाची पुराणातली भांडणं म्हणजे शाळेतल्या पोरांचं ‘माझे बाबा पोलीस, माझे बाबा मिलिटरीत’. नरसिंह हिरण्यकशिपूला मारूनही शांत होईना म्हणून शंकर शरभ झाले आणि त्याला आवरलं, हे शैव सांगतात. वैष्णव म्हणाले असं कसं, मग नरसिंहाचा गंडभेरुंड झाला, दोन तोंडांचा पक्षी, आणि त्याने शरभाला आवरलं. तो गंडभेरुंड आज कर्नाटकच्या राजमुद्रेवर आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभे कोण, तर सोंडवाले सिंह, त्यांनाही शरभच म्हणतात. एका सरकारी कागदावर सगळे गुण्यागोविंदाने. कर्नाटकातल्याच बळ्ळिगावीत तर गंडभेरुंडाचा आख्खा खांब उभा आहे, 1047 सालचा, धड माणसाचं, डोकी दोन पक्ष्यांची.

पण शरभ म्हटलं की मला देऊळ नाही, महाभारतातला कुत्रा आठवतो. शांतिपर्वात भीष्म सांगतात. एका ऋषींच्या आश्रमात एक कुत्रा होता, त्यांच्यासारखीच फळं-कंदमुळं खाऊन राहायचा. बिबट्या आला, कुत्रा घाबरला, ऋषींनी त्याला बिबट्या केलं. वाघ आला, वाघ केलं. हत्ती आला, हत्ती. सिंह आला, सिंह. मग आठ पायांचा शरभ आला, तर त्यालाही शरभ केलं. आता भ्यायला कुणी उरलंच नाही. जंगलातली जनावरं पळून गेली, याला फळं गोड लागेनात, रक्ताची चटक लागली, आणि एक दिवस त्याची नजर ऋषींवर गेली. त्यांनी ओळखलं, परत कुत्रा करून टाकला आणि वर आश्रमातून हाकलून दिला.

राजाने नोकर कसे नेमावेत याचं उदाहरण म्हणून युधिष्ठिराला ही गोष्ट सांगितलीय, लायकी बघून माणूस वर चढवावा वगैरे. ठीक आहे. पण त्या कुत्र्याने मागितलं होतं फक्त वाचव एवढंच. दात ऋषींनी दिले, नखं ऋषींनी दिली, भूकही त्याच शरीराबरोबर आली. हे भीष्म बोलत नाहीत. युधिष्ठिरही विचारत नाही.